पाकिटावर सहा हजार

३ नोव्हेंबर, सोमवार

चोवीसशे! पाकिटावर ठसठशीत सहा हजार छापलंय आणि मशीन दाखवतंय चोवीसशे. निम्मंसुद्धा नाही! चष्मा पुसून पुन्हा बघितलं. चोवीसशेच.

आठवडाभर म्हणतेय मी, यात काहीतरी गोम आहे. कॉम्प्युटरला नवा बोर्ड घेतला, नवी मेमरी घेतली – बोटभर लांबीच्या दोन पट्ट्या, पण त्यांचा थाट काय, डबा काय – आणि ह्याचं, माझ्या नवऱ्याचं, चित्र अडकतंय ते अडकतंयच. जुन्या मशीनवर अडकत होतं म्हणून तर हे सगळं केलं. हाच म्हणाला होता, मेमरी धीमी आहे, एवढी मोठी चित्रं तिला पेलत नाहीत. बरं बाबा, घेऊ वेगवान. दुकानात जाऊन सगळ्यात वेगवान मागितली. तर आता फिल्म लावली की चित्र मध्येच थांबतं आणि मग एकदम पुढचंच दिसतं, असं हा म्हणतो. आज शेवटी मीच एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला, मशीनच्या पोटातले आकडे दाखवणारा. आणि हे निघालं.

ह्याला हाक मारून दाखवलं. म्हणाला, असेल काहीतरी.

असेल काहीतरी! घरी बसून फिल्मा कापून जोडणारा हा, मशीन ह्याचं, नाव ह्याचं, आणि तळपायाची आग मस्तकात जाते ती माझी. चोवीस तारखेला सर्कशीची फिल्म पूर्ण करून द्यायची आहे. नाही दिली तर दाढीवाला ती दुसऱ्याकडून करून घेणार. तसं त्याने स्वच्छ सांगितलंय. दाढीवाला म्हणजे दिग्दर्शक, ह्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. दोस्त म्हणे! एकदा का त्याने काम काढून घेतलं की बाकीच्यांना कळायला वेळ लागत नाही, आणि मग ह्याच्याकडे कोण येणार? हा तर असा की आपणहून कुणाच्या दारात जाणार नाही.

४ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत वीज कंपनीच्या ऑफिसातून दुकानदाराला फोन लावला. तो काय म्हणतो ऐका – ऐकणार कोण म्हणा, ही वही!

म्हणतो, मॅडम, मेमरी आधी सावकाशच चालते. पाकिटावरच्या वेगाने पळवायची तर सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल चालू करावं लागतं. सगळ्यांचंच असं असतं.

मग विकताना तोंडाला कुलूप लावलं होतं का? पंखा विकायचा आणि बटण कुठे आहे ते गिऱ्हाइकाने हुडकायचं! किती घरांत बिचाऱ्या पट्ट्या अशा पेंगत पडल्या असतील आणि घरचे खुशीत असतील की आपण वेगवान मेमरी घेतली. मी विचारलं, तुम्हीच का नाही करून दिलं? तर म्हणे, कुणी मागितलं तर करतो. अहो, मागायला माहीत नको का?

शेजारच्या खिडकीतली म्हणाली, हळू बोल, आपलीच तक्रार खिडकी आहे.

५ नोव्हेंबर

केलं!

मशीन सुरू होताना एक कळ बडवत राहायचं म्हणजे सेटिंगचा पडदा उघडतो. ह्याला म्हटलं, तू कर. ह्याने हात वर केले. मग मीच बाह्या सरसावल्या. मेनूत मेनू, त्या मेनूत मेनू. शेवटी सापडलं. प्रोफाइल एक, सहा हजार. चालू केलं, जतन केलं आणि पडदा काळा. काळा म्हणजे काळाच! दुकानदाराचे सगळे पूर्वज मी मनातल्या मनात जागे केले. बऱ्याच वेळाने पडदा आपोआप उजळला. नव्या वेगाची पहिल्यांदा जुळवाजुळव करायला वेळ लागतो, असं नंतर वाचलं.

मोठ्या आनंदाने प्रोग्रॅम उघडला. तीन हजार.

सेटिंगमध्ये लिहिलंय सहा हजार, प्रोग्रॅम म्हणतो तीन हजार. तेही पुरते नाहीत, दोनचार कमीच. बरोब्बर निम्मं! कागदावर एक आणि हातात अर्धं. हा मागून म्हणाला, चोवीसशेचे तीन हजार झाले ना, मग झालं तर. मी प्रोग्रॅम बंद केला आणि पानं वाढली. बोलले असते तर दोघांचं जेवण कडू झालं असतं.

६ नोव्हेंबर

पुन्हा फोन. पुन्हा तोच मधाळ आवाज. "ते असंच दाखवतं, मॅडम. बरोबर आहे. काळजी करू नका."

ही चाल मला माहीत नाही? उभा जन्म मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत काढलाय. लोक येतात, म्हणतात, मीटर पळतंय. मी म्हणते, मीटर बरोबर आहे. ते म्हणतात, अहो, आकडा तरी बघा. मी म्हणते, असंच दाखवतं, काळजी करू नका. कधी मला खरंच ठाऊक असतं की बरोबर आहे, कधी नसतं. आवाज तोच असतो. मागे रांग असते, समजावत बसायला वेळ कुणाला आहे? आणि हा पट्ट्या विकणारा माझ्यावरच माझा आवाज वापरतोय! चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. हा माणूस मला टोलवतोय हे मी पैजेवर सांगते.

सोडणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. दुपारभर ह्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. म्हटलं, अडकतं कसं ते एकदा डोळ्यांनी बघू.

बंद पडायला आलेली सर्कस आहे. त्यात झुल्यावरची एक बाई. वय झालंय, गुडघ्याला पट्टा बांधते, पण झुल्यावर चढली की अंग कसं लवतं! एका झुल्यावरून सुटते, हवेत गिरकी घेते, आणि समोरच्या झुल्यावरचा माणूस तिचे हात धरतो. हात धरले की त्या क्षणी कट हवा. ह्याची पहिल्यापासूनची पद्धत – चित्र पळत ठेवायचं आणि नेमक्या क्षणी कळ दाबायची. बाकीचे लोक चित्र थांबवून, मागेपुढे सरकवून जागा शोधतात. हा शोधत नाही. हाताला कळतं म्हणतो. लग्नाआधी ह्याला पहिल्यांदा काम करताना बघितलं ते असंच, आणि मला वाटलं होतं, हा माणूस कधी चुकणार नाही. लग्नानंतर कळलं, फक्त फिल्ममध्ये!

चांगलं चाललं होतं. मध्येच हा म्हणाला, बघ, आत्ता अडकलं. मी नेमकी कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होते. आकडा तीन हजार, जागचा हललेला नाही. मग डोळे फाडून पडद्याकडे बघत राहिले, तर एकदाही अडकलं नाही. मी बसले की शहाण्या मुलासारखं वागतं, उठले की खोड्या सुरू! मशीनलासुद्धा माणूस कळतं.

चहाच्या वेळी ह्याला म्हटलं, दुधाकडे बघ जरा, मी कपडे काढून आणते. आले तर सगळं दूध शेगडीवर. आणि हा पातेल्यासमोरच उभा, हातात चमचा, डोळे दुधावर! मी ओरडले तेव्हा कुठे अरेच्चा म्हणाला. असा हा नवरा. ह्याच्या भरवशावर मशीन सोडलं तर झालंच कल्याण.

९ नोव्हेंबर, रविवार

मागितलं की निम्मं मिळतं ना? मग जास्त मागू! घासाघीस मला कुणी शिकवायला नको. सेटिंगमध्ये हाताने आठ हजार घातले. निम्मे म्हणजे चार तरी पदरात पडतील.

संध्याकाळी –

हात दाखवून अवलक्षण. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पडदा ठार काळा. वाट बघितली, आणखी वाट बघितली, काही नाही. हा दारात येऊन उभा राहिला आणि उद्यापर्यंत दोन प्रसंग जोडून द्यायचेत एवढंच म्हणाला. ओरडला असता तर परवडलं असतं. मग मोबाईलवर वाचून काढलं, बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, तो थोडा वेळ काढून ठेवला की मशीन सगळ्या सेटिंग विसरतं. काढला. नखाचा तुकडा पडला. मशीन उठलं, पुन्हा चोवीसशे. पुन्हा प्रोफाइल. पुन्हा तीन हजार.

जिथे होते तिथेच, वर एक नख कमी.

११ नोव्हेंबर

नणंदबाईंचा फोन. बोलायला लागल्या ती तक्रारच. तुमच्याकडे रेंज नसते, वहिनी. दादा बोलता बोलता मध्येच गायब होतो, मी हॅलो हॅलो करून घसा बसवते, आणि परत येतो तेव्हा विचारतो, काय म्हणालीस? कंपनी बदला.

म्हटलं, बदलते बाई. ऑफिसातून येताना नवं सिमकार्डच घेऊन आले. मेमरी धीमी, फोन धीमा, दुकानदार तर काय विचारायलाच नको. ह्या घरात सांगितलेल्या वेगाने चालणारी एक मीच!

१२ नोव्हेंबर, बुधवार

राग अजून उतरलेला नाही. अक्षर बघ कसं आलंय.

दाढीवाला घरी आला होता. झालेला भाग बघितला. कट उशिरा पडतायत म्हणाला. बाईचे हात धरले, झुला मागे गेला, ती शिडीपाशी येऊन उतरली, तरी शॉट आपला चालूच. सगळीकडे नाही, पण जिथे आहे तिथे डोळ्यांत खुपतं. ह्याने सांगितलं, मी वेळेवर कळ दाबतो रे, मशीनच उशिरा घेतं. मीही पुढे झाले. सहा हजार आणि तीन हजार असे दोन्ही आकडे लिहिलेला कागद त्याच्यासमोर धरला. त्याने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय ह्याचं, वहिनी."

माझ्या घरात! माझा चहा पिऊन! मी पण ऐकून घेणारी नाही. म्हटलं, तुमच्या पहिल्या फिल्मला कुणी हात लावायला तयार नव्हतं तेव्हा कुणी कापून दिली? ढीगभर निरुपयोगी चित्रांतून कुणी गोष्ट काढली? तेव्हा अंगण सरळ होतं वाटतं! तो म्हणाला, म्हणून तर चोवीसपर्यंत थांबतोय, दुसरा असता तर कधीच काढून घेतलं असतं. चपला घालताना, हा ऐकणार नाही अशा बेताने, आणखी एक पुडी सोडली. बैठकीत हा म्हणे मध्येच गप्प होतो. काही विचारलं तर उत्तर देत नाही, टक लावून बघत बसतो. ताठा आलाय म्हणाला.

ताठा! आणि ह्याला! रस्त्यात मांजर आडवं झोपलं तर त्याला उठवायला नको म्हणून वळसा घालून जाणारा हा माणूस. दार मी जरा जोरातच लावलं.

आत आले तर हा दाढीवाल्याच्या रिकाम्या कपाकडे बघत बसला होता. मला म्हणाला, "मी एवढा उशीर करत नव्हतो गं कधी."

मला रडूच आलं. म्हटलं, तू जीव जाळू नकोस, मशीनचं मी बघते.

१३ नोव्हेंबर

उचलली जीभ, लावली टाळ्याला! अंगण वाकडंच आहे. सिद्ध करून दाखवते आणि मग त्या दाढीला दारात उभं करून ऐकवते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मशीन गाडीत घालून दोघांनी दुकानात नेलं. बोळकंडीएवढं दुकान, वरपर्यंत खोकी, काउंटरवर वायरींचा गुंता. मी पाकीट आणि आकड्यांचे फोटो काचेवर आपटले आणि चार गिऱ्हाइकं उभी असताना मुद्दाम आवाज चढवला. माझ्या खिडकीसमोर लोक हेच करतात आणि त्यांचं काम आधी होतं, हे मला माहीत नाही का? एक गिऱ्हाईक तर हातातली मेमरी खाली ठेवून निघूनच गेलं. दुकानदार लाल झाला, पण नरमला. म्हणाला, ठेवून जा, नीट तपासतो. सर्कशीची फिल्म पण ठेवून जा, तीच चालवून बघतो.

हा तोवर बाहेर जाऊन उभा. लाज वाटत होती म्हणे. म्हटलं, लाज विकणाऱ्याला वाटू दे, आपण कशाला वाटून घ्यायची?

परत गाडीकडे येताना चौकात आणखी एक तमाशा. रस्ता ओलांडताना हा मधोमध उभाच राहिला. पुतळ्यासारखा! गाडीवाला भोंगा वाजवतोय, माणूस खिडकीतून डोकं काढून शिव्या देतोय, आणि हा ढिम्म. दंड धरून फरफटत आणला कडेला. विचारलं, कसला विचार करत होतास? तर म्हणे, कुठे काय? फिल्मचाच, दुसरं काय असणार. ह्या मशीनपायी एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल!

१७ नोव्हेंबर

आज खिडकीत एका बाईला असंच दाखवतं म्हणायला गेले आणि जीभच वळेना. मग मीटर म्हणजे काय, आकडा कसा वाचायचा, या महिन्याच्या आकड्यातून मागच्या महिन्याचा कसा वजा करायचा, सगळं कागदावर काढून समजावलं. रांग दारापर्यंत गेली. शेजारच्या खिडकीतलीने विचारलं, तब्येत बरी आहे ना?

सिम बदलूनही नणंदबाईंचं रडगाणं तेच. ह्या कंपन्या सगळ्या एका माळेचे मणी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन आणायला गेले तर दुकानदाराने स्टूल पुढे केलं आणि "ताई, बसा" म्हणाला. मॅडमची ताई झाले तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे.

म्हणाला, "समोरच्या इमारतीतली लिफ्ट बघा. वर जाताना माणसं नेते, खाली येतानाही आणते. फेरी एक, खेपा दोन. तुमचा प्रोग्रॅम फेऱ्या मोजतोय. पाकिटावर खेपा छापल्यात."

तीन हजार फेऱ्या, सहा हजार खेपा. सगळ्याच मेमऱ्यांचं असं. त्याने दुकानातली तीन मशीन उघडून दाखवली, सगळ्यांवर आकडा पाकिटाच्या निम्मा. म्हणजे पाच तारखेला मी प्रोफाइल चालू केलं, त्या दिवसापासून आमची मेमरी छापल्या वेगानेच पळतेय! आणि मी तिच्या नावाने शंख करतेय, नख तोडून घेतेय, चारचौघांत तमाशा करतेय!

म्हटलं, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाला, सांगितलं की, बरोबर आहे म्हणून. मी म्हटलं, बरोबर आहे म्हणणं वेगळं आणि सांगणं वेगळं. तो काउंटरवरच्या वायरी गुंडाळायला लागला. माझी खिडकी माझ्या डोळ्यांसमोर आली. राग काढायला माणूस समोर होता आणि काढता येत नव्हता. त्याइतकं वाईट काही नाही.

पुढे म्हणाला, दोन दिवस मेमरीची तपासणी लावून ठेवली होती, एक चूक निघाली नाही. मग सर्कशीची फिल्म लावली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुकानातले सगळे बघत उभे होते. कुठेही अडकली नाही. बाईने झुला सोडला की गिऱ्हाइकंसुद्धा श्वास रोखून धरत होती म्हणे.

मग आमच्याकडे का अडकते? तर म्हणाला, पडदा असेल, केबल असेल, घरचा वीजपुरवठा असेल. वीजपुरवठा! ते मलाच सांगतोय! अडकताना मोबाईलवर चित्रीकरण करून आणा म्हणाला, दिसल्याशिवाय मी तरी काय बदलू? बोलणं रास्त होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ह्याला सगळं सांगितलं. लिफ्ट, फेऱ्या, खेपा. ऐकता ऐकता ह्याचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं होतं हा सुटकेचा श्वास सोडेल. म्हणाला, दुकानदार खोटं बोलतो. आता हा! इतके दिवस मी दुकानदाराला खोटारडा म्हणत होते तेव्हा हा त्याची बाजू घेत होता, आणि मला पटलं तर ह्याचं उलटं.

म्हटलं, दुकानात अडकलं नाही, मी बसते तेव्हा अडकत नाही, मग तुझ्याच हाताखाली कसं अडकतं? म्हणाला, म्हणजे मी खोटं बोलतोय? मी म्हटलं, तसं नाही म्हणत. म्हणाला, मग कसं म्हणतेस? दूध, कपडे, बिल, सगळंच निघालं मग. लक्ष नसतं तुझं, मी बोलत असते आणि तू भिंतीकडे बघतोस, अर्धं वाक्य बोलून सोडून देतोस, हेही सगळं बोलून झालं. आणि मग तोंडून गेलं. दाढीवाल्याची म्हण. जशीच्या तशी.

ह्याने ताट सरकवलं आणि खोलीत गेला.

ज्या वाक्यासाठी मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेले, तेच मी माझ्या नवऱ्याला जेवता जेवता ऐकवलं. काय बाई मी! पण राग अजून गेलेला नाही. स्वतःचा आला तरी तो राहतोच, जाऊन कुठे जाणार?

२० नोव्हेंबर

अबोला. मिठाचा डबासुद्धा हा मागत नाही, उठून घेतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अबोला मीच मोडला. चहा नेऊन दिला आणि म्हटलं, चूक झाली माझी, जीभ सैल सुटली. हा म्हणाला, असू दे. मग कप हातात धरून म्हणाला, "मला हल्ली कामाची भीती वाटते गं. बाई सुटते, आणि मला वाटतं, आता ही पकडलेली मला दिसणारच नाही."

म्हटलं, उद्या शनिवार, उद्या आपण चोर पकडू. मोबाईल कपाटावर पुस्तकांना टेकवून ठेवायचा आणि तू कामाला बसलास की चालू करायचा. जागा बघून ठेवली. खोली अरुंद, पडद्याबरोबर हाही अर्धा चित्रात येतो. येऊ दे, पडदा दिसल्याशी कारण. केबल निघो, पडदा निघो, नाहीतर आणखी काय भूत असेल ते निघो, रविवारी बदलून घेते आणि सोमवारी दाढीवाल्याच्या हातात फिल्म ठेवते. मेमरी तर आपली आता खणखणीत आहे! हा हसला. किती दिवसांनी हसला.

पुन्हा चिडायचं नाही ठरवलंय. बघू किती तास टिकतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्वयंपाकघरात बसून मोबाईल बघितला. सगळं आलंय. बाईने झुला सोडला, हवेत गिरकी घेतली, समोरच्याने तिचे हात धरले, झुला मागे गेला, ती शिडीने खाली उतरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चित्र कुठेही अडकलं नाही.

ह्याचा हात कळेवर तसाच. डोळे उघडे, त्या दिवशी पातेल्यासमोर होते तसेच. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते आणि डाव्या हाताची बोटं शर्टाचं बटण चाचपत होती. टाळ्या संपल्यावर मान हलली. म्हणाला, "बघ, अडकलं. सुटली आणि एकदम खालीच उतरलेली दिसली."

पुन्हा लावून बघितलं. पुन्हा लावून बघितलं.

हा अजून खोलीत बसलाय, माझी वाट बघतोय. मशीनमध्ये काही दोष नाही, हे मला आत जाऊन त्याला सांगायचंय.